एकेचाळीस अंगठ्यांचा अर्ज

माझं शिक्षण मराठी चौथी, आणि तीही पुरती नाही. परीक्षेला दोन महिने असताना वडिलांनी शाळेतून नाव काढलं. आई नुकतीच गेली होती आणि धाकट्या दोघांकडे बघायला घरात कोणी नव्हतं. अंबरनाथला आल्यावर मात्र मी सगळ्यांना ‘चौथी पास’ असं सांगत असे. दाखला कोणी मागितला नव्हता. तरी सांगत असे.

मी वऱ्हाडातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आले. नवरा सरकारी कारखान्यात कामगार. कारखान्याच्या वसाहतीत जागा मिळायला अवकाश होता, म्हणून शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर एका चाळीत आम्ही खोली घेतली होती. माहेर एक रात्र आणि अर्ध्या दिवसावर. मला सगळ्याचीच धास्ती वाटे. कारखान्याच्या भोंग्याची, शेजारणींच्या भराभर बोलण्याची, नळावरच्या रांगेची. नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की मी दारात उभी राहायची आणि तो दिसला की चटकन आत जाऊन काही तरी करत असल्याचं दाखवायची.

तिथे मला माणसात आणलं ते दूध घालायला येणाऱ्या मावशीनं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका खेड्यातली ती. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलगे, घरची थोडी भातशेती आणि दोन म्हशी. माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेर नव्हतं आणि सासरचंही कोणी येण्यासारखं नव्हतं. मावशी सगळीकडचं दूध घालून झालं की माझ्याकडे थांबायची. सव्वा महिना तिनं माझं अंग चोळलं, शेक दिला, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. मी एकदा मोबदल्यात लुगडं घेशील का विचारलं तर म्हणाली, “गप गो. तुजी आवस असती तर तिना काय दिला असतास?” आवस म्हणजे आई, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या बोलण्याचं तिला भारी हसू येई. “मले काय, तुले काय! मना बोल, तुना बोल. तवा इथली होशील.”

मावशीच्या गावाची एक अडचण होती. गाव रुळांच्या एका बाजूला, शेतं आणि गवताचं रान दुसऱ्या बाजूला. मधून बैलगाडीची वाट रूळ ओलांडून जात होती, पण तिथे फाटक नव्हतं आणि चौकीदारही नव्हता. रूळ नेमके तिथेच वळण घेत. गाडी विजेची, म्हणजे धूर दिसत नाही आणि आवाज कळेपर्यंत ती येऊन ठेपलेली. त्यात बायकांच्या डोक्यावर गवताचे भारे. भारा घेतला की समोरची चार पावलं तेवढी दिसतात, बाजूचं काही दिसत नाही. आदल्या वर्षी मावशीची थोरली सून तिथेच गेली. मागे दोन वर्षांचा मुलगा राहिला, तो मावशीच सांभाळत होती. सुनेविषयी ती बोलत नसे. एकदाच म्हणाली, “भारा तसाच बांधलेला होता गो. एक काडी सुटली नव्हती.”

गावच्या पुरुषांनी रेल्वेला दोनदा अर्ज केले होते. दोन्ही वेळा उत्तर आलं की मामला विचाराधीन आहे. तिसरा अर्ज करायला कोणी तयार नव्हतं.

बाळाच्या झबल्यांसाठी तुकडे आणायला मी उल्हासनगरला गेले होते. तेव्हा आम्ही सगळे त्याला कॅम्पच म्हणायचो. विठ्ठलवाडीच्या अंगाला एका बराकीच्या ओट्यावर, खोक्यावर टाइपरायटर ठेवून एक वयस्क सिंधी गृहस्थ बसलेले होते. पूर्वी सिंधमध्ये कोर्टात कारकून होते म्हणे. त्यांच्याभोवती दहाबारा माणसं दाटीनं बसली होती आणि ते एक कागद मोठ्यानं वाचून दाखवत होते. निर्वासितांना मिळायच्या भरपाईविषयी काहीतरी होतं. ऐकताना कळलं की हा कागद दिल्लीला लोकसभेत जायचा आहे. एरवी मी अनोळखी पुरुषाशी बोलले नसते. पण तोंडातून निघून गेलं, “असा कागद कोणीही पाठवू शकतं?”

“हिंदुस्तान का कोई भी आदमी.”

“बाई?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “क्यों, औरत आदमी नहीं है?”

सगळे हसले. मी तुकडे न घेताच घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दूध मापत असतानाच तिला सगळं सांगितलं. मावशीचं माप अर्ध्यात थांबलं. “दिल्लीवाल्यांना आमची वाट काय ठावं?” मी म्हटलं, कळवल्याशिवाय कसं ठावं होईल? हे बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आम्ही दोघी त्या टाइपवाल्या गृहस्थांकडे गेलो; सगळे त्यांना साईं म्हणत. मावशीनं जाताना मुळ्याची एक मोठी जुडी नेली होती, ती त्यांनी ठेवून घेतली. मग त्यांनी सगळी रीत समजावली. रेल्वे दिल्ली सरकारची, म्हणून हा अर्ज लोकसभेपुढे चालेल. गावच्या गटाराचा असता तर आधी मुंबई सरकारकडे जा म्हणाले असते. अर्ज थेट टपालात टाकायचा नाही. आपल्या भागाच्या खासदारांनी त्यावर सही करायची आणि त्यांनीच तो सभागृहात मांडायचा. आणि नुसत्या आपल्या गावाचं रडगाणं गायचं नाही. जिथे जिथे रेल्वेची अशी बिनफाटकाची वाट असेल तिथल्या सगळ्या लोकांसाठी मागायचं, कारण ती देशाची सभा आहे.

हे मावशीला पटेना. “दुसऱ्या गावांना फाटक पायजे तर त्यांनी मागावा. पलीकडच्या गाववाल्यांनी तर आमची गुरं कोंडली व्हती!”

“अम्मा, उनकी भैंस को भी गाड़ी से बचने दो,” साईं म्हणाले.

मावशी हसली आणि कबूल झाली. मग साईंनी खास म्हणून एक ओळ मावशीच्या गावाची घातली.

“पूर्वीचे अर्ज पुरुषांनी केले होते ना? या वेळी रोज रूळ ओलांडणाऱ्या बायकांनी करावा,” असं त्यांचंच म्हणणं. अर्ज इंग्रजीत ते टाइप करणार. सह्यांची यादी मी मराठीत करून आणायची, ते त्याच कागदावर प्रत्येक नावाखाली ते इंग्रजीत उतरवणार. प्रत्येकीचं पूर्ण नाव, गाव आणि सही. सही येत नसेल तर अंगठा. अर्जासोबत या यादीखेरीज दुसरा कुठलाही कागद जोडायचा नाही. निघताना त्यांनी मला थांबवून सांगितलं, “जिसका पूरा नाम न मिले, उसका अंगूठा मत लेना. अंदाज़ से कुछ मत लिखना, बेटी. वहाँ एक एक नाम देखते हैं.”

मी मान हलवली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. “लिहून दे हवं तर. पण आपलं नाव त्यात कुठे येता कामा नये. मी सरकारी नोकर आहे. सरकारविरुद्ध अर्जावर घरचं नाव दिसलं तर उद्या मला साहेबापुढे उभं करतील.” तो रागावला नव्हता, घाबरला होता. आणि माझ्या नावापुढे त्याचंच नाव यायचं. मला ते चटकन पटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी मी बाळाला घेऊन गावात गेले. मावशीच्या अंगणात बायका जमल्या होत्या. शाईची डबी, कापडाचा बोळा, आखलेले कागद असा माझा सगळा थाट. पहिला अंगठा मावशीचा. तिचं नाव लिहिलं. आमच्याकडच्या कागदांवर बाईच्या नावापुढे ‘भ्रतार’ असं लिहून नवऱ्याचं नाव लिहितात, वडिलांच्या खातेपुस्तकात मी पाहिलं होतं. मी ‘भ्रतार’ लिहिलं आणि मान वर केली. “नाव सांगा मावशी.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. बाकीच्या एकमेकींकडे बघून एकदम हसल्या.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीही घेत नसे. पण आमच्याकडे शेजारीण सांगते आणि काम होतं. इथे सगळं गाव एका भावकीचं. जिला विचारावं तिचा तो दीर, नाहीतर सासरा, नाहीतर मामेसासरा. एकीच्याही तोंडून दुसरीच्या नवऱ्याचं नाव निघेना. पुरुष कामावर गेलेले आणि शाळेतली मुलं शाळेत.

“अगो मास्तरीनबाय,” एक ठसकेबाज बाई म्हणाली, “वलख तू. उंदरावर बसतो, तो माजा.”

“माजा गल्यात साप घालतो!”

“माजा डोंगर उचलतो. नुसता देवलात हां, घरात पाट पन उचलत नाय!”

हसून हसून बायका एकमेकींवर पडत होत्या. मीही हसत होते आणि ‘हां, समजलं’ म्हणत जे उघड होतं तेवढंच लिहीत होते. पण उंदरावर बसणाऱ्या देवाची नावं काय थोडी आहेत? आणि डोंगर तर दोघांनी उचललाय. मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. या बायका मला शिकलेली समजत होत्या. न कळल्याचं कबूल केलं असतं तर माझी चौथी उघडी पडली असती, असं काहीतरी डोक्यात होतं. मावशीनं तर खूण पण सांगितली नाही. “मी नाय घेत. तू काय लिवायचा ता लिव,” म्हणाली आणि बाळाला माझ्याकडून उचलून घेऊन गेली. अशा एकेचाळीस जणींचे अंगठे झाले आणि निम्म्याहून जास्त नावांपुढची जागा मोकळीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी साईंचा निरोप आला. खासदार कल्याणला आलेत, दोन दिवसांत दिल्लीला जातील, यादी आजच हवी. गावात जाऊन यायला दोन तास लागले असते. संध्याकाळी पुरुष घरी आले की त्यांनाच विचारता आलं असतं, एवढी साधी गोष्ट. पण मी कधी एकटी संध्याकाळी त्या वाटेनं गेले नव्हते. आणि साईंनी सांगितल्याप्रमाणे ज्यांची नावं मिळाली नाहीत त्यांचे अंगठे काढून टाकायचे तर मावशीचाच पहिला काढावा लागला असता.

बाळ झोपलं होतं. मी टाक घेतला आणि लिहायला लागले. उंदरावर बसणाऱ्याला एक नाव दिलं. सापवाल्याला एक. जिनं काहीच सांगितलं नव्हतं तिला मी रामाचं, विष्णूचं, जे सुचेल ते दिलं. मावशीचं मात्र मी अगदी विचार करून लिहिलं. नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सुनेच्या मागे राहिलेल्या त्या नातवाला मावशी दिवसभर ज्या नावानं हाका मारते तेच आजोबांचं असणार, असं मी ठरवलं आणि लिहून टाकलं. आपण किती हुशार, असंही वाटलं. ती त्या नावानं मोकळ्या गळ्यानं हाका मारू शकते, म्हणजे ते आजोबांचं नाव असूच शकत नाही, एवढं मला सुचलं नाही. नातवाचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं. ते आजोबांचंच होतं. आणि म्हणूनच ते घरात कोणी घेत नव्हतं.

साईंनी यादी पाहिली. “सब को पूछा?”

“हो.”

“सब ने बताया?”

“हो,” मी म्हटलं.

खासदारांनी अर्जावर सही केली. साईंनी मला नंतर सांगितलं की लोकसभेत अर्ज मांडताना भाषण वगैरे काही नसतं. सभासद उभा राहतो, अमुक लोकांच्या सह्यांचा तमुक विषयाचा अर्ज सादर करतो एवढं म्हणतो आणि बसतो. मग तो अर्ज त्यासाठी नेमलेल्या सभासदांच्या समितीकडे जातो. समिती तो नियमात बसतो का बघते, रेल्वे मंत्रालयाला खरं काय ते विचारते, मंत्रालय रेल्वेला विचारतं, रेल्वे आपल्या डिव्हिजनला, आणि डिव्हिजन माणूस पाठवते. मग त्याच पायऱ्यांनी उत्तर वर चढत जातं. हे मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हंजे आमची वाट बघायला मानूस इथंच येनार ना शेवटी? मग दिल्लीला कशाला गेला कागद?” माणूस येणार म्हणताच मला ती यादी आठवली.

चारपाच महिन्यांनी आला. रेल्वेचा इन्स्पेक्टर, सोबत एक कारकून. मावशीनं सकाळीच निरोप धाडला होता, “तू ये गो, तो इंग्लीस बोलला तर?” मला तर इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी गेले.

रुळांजवळच्या झाडाखाली सगळे जमले होते. या वेळी पुरुषही होते. सुट्टीचा दिवस असावा. इन्स्पेक्टरांनी आधी वाट पाहिली, वळण पाहिलं, खांबापासून पावलं मोजली. माणूस वाईट नव्हता. मावशीची सून कुठे पडली होती ते त्यांनी स्वतःहून विचारलं आणि तिथे जाऊन क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, “आता अंगठेवाल्या बायका. नाव घेतो, पुढे या. अर्ज खरोखर तुमचा आहे एवढं बघायचंय.”

पहिलं नाव त्यांनी वाचलं. मावशीचं नाव, भ्रतार, आणि नातवाचं ते हाक मारायचं नाव.

कोणी हललं नाही. मग मुलं फिसफिसली. नातू स्वतःच पुढे आला आणि इन्स्पेक्टरांकडे बघत उभा राहिला. पुरुष हसायला लागले. “आजीचा नवरा आला बग!”

दुसरं नाव चुकलेलं. तिसरं बरोबर. चौथं चुकलेलं. प्रत्येक चुकीला हशा वाढत होता. “अगो तू दुसरा नवरा कवा केलास?” “केला नाय, सरकारनं दिला!” मग उंदरावर बसणाऱ्याची पाळी आली. त्या घरातल्या दोन्ही भावांची नावं गणपतीचीच होती, आणि मी लिहिलेलं नाव धाकट्याचं. ती ठसकेबाज बाई त्याची वहिनी. तो दीर तिथेच उभा होता, अजून लग्न न झालेला. पुरुषांचं हसणं एकदम वेगळं झालं. कोणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. बाईनं पदर तोंडावर ओढला आणि खाली बसली. पदराच्या कडेतून तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

इन्स्पेक्टरांनी कागद मिटला. “निम्मी नावं जुळत नाहीत. मी काय लिहू? अंगठे कुणाचे, नावं कुणाची? हे असं वर कळवलं की अर्ज बोगस म्हणून निकालात निघतो. ही यादी केली कुणी?”

माझ्या कडेवर बाळ होतं. मी त्याचं टोपरं सारखं करत राहिले. ‘आपलं नाव कुठे येता कामा नये’ हे नवऱ्याचं वाक्य मी मनात घोळवत होते, आणि त्याचा मला आधार वाटत होता. नवऱ्याच्या नोकरीसाठी गप्प राहिले असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण नाव न सांगताही ‘चूक माझी, यांची नाही’ एवढं म्हणता आलं असतं.

“यादी एका मास्तरानं केली,” मावशी म्हणाली. “तो गेला गाव सोडून. पन चूक आमची, सायबा. आमाला दादल्याचा नाव घ्यायला लाज वाटली, म्हनून आमीच काय पन सांगितला.”

“मग आता खरं सांगा. एकेकीनं स्वतः, पुरुषांनी नाही. मी समोर लिहून घेतो.”

मावशीनं आपल्या मुलांकडे बघितलं. थोरला खाली बघत होता. ती वळली, रुळांकडे तोंड केलं आणि नवऱ्याचं नाव घेतलं. आवाज इतका बारीक की इन्स्पेक्टर म्हणाले, “जरा मोठ्यानं, बाई.” तिनं पुन्हा घेतलं. पन्नाशीच्या बाईचे कान लाल झालेले मी तेव्हा पाहिले. मग बाकीच्या उठल्या. कोणी पदरात तोंड घालून, कोणी शेजारणीच्या खांद्यात तोंड लपवून, एकेक नाव सांगत गेल्या. आता कोणी हसत नव्हतं. पुरुष हळूहळू मागे सरकले आणि पाठ करून उभे राहिले. एका म्हातारीनं नाव घेतलं आणि तिथेच रडायला लागली. इन्स्पेक्टर मान वर न करता लिहीत होते.

ते गेल्यावर ती उंदरावर बसणाऱ्याची ठसकेबाज बाई माझ्याजवळ आली. “मास्तरीनबाय, एक सांग. या कागदावर तुजा अंगठा कितवा?”

“मले… मना सही येते,” मी म्हटलं.

“मग सही कितवी?”

मावशी मध्ये पडली. “ऱ्हाऊ दे गो. तिचा मानूस सरकारी हाय.” नवऱ्यानं नाव घालू नको म्हटल्याचं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तिला पहिल्यापासून माहीत असावं.

मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी मावशी दूध घेऊन आली तेव्हा मी दार उघडलं, पण तिच्याकडे बघू शकले नाही. तिनं नेहमीसारखं माप ओतलं, वर एक घोट जास्तीचा घातला. “पोराला सर्दी हाय, कोमट करून दे,” म्हणाली. तिनं मला बोल लावले असते तर बरं झालं असतं. तिनं त्या दिवसाचा विषयच काढला नाही, आणि मीही काढला नाही. नवऱ्याला तर मी काहीच सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे फाटक उभं राहिलं. दोन्ही बाजूंना आडवे लोखंडी दांडे आणि चौकीदाराची दगडी खोली. गावानं नारळ फोडले, मलाही बोलावलं, मी बाळाच्या तापाचं निमित्त केलं. बाळाला ताप नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी साईंनी मला बोलावून घेतलं. खासदारांकडून त्यांना एक छापील पान आलं होतं. समितीचा अहवाल म्हणून पुस्तक निघतं, त्यातलं ते पान. इंग्रजीत होतं. साईंनी बोट ठेवून समजावून सांगितलं. अर्ज कशाविषयी होता, मंत्रालयानं काय उत्तर दिलं, त्या ठिकाणी फाटक आणि चौकीदार द्यायचं रेल्वेनं मान्य केलंय, तेव्हा समितीला पुढे काही करायची गरज दिसत नाही. “ये देखो, सबसे ऊपर अर्ज़ी देनेवाली का नाम छपा है. बाक़ी सब ‘और दूसरे’ में आ गए.”

“नाव काय छापलंय?” मी विचारलं.

त्यांनी वाचलं. मावशीचं नाव, आणि तिचा नवरा म्हणून नातवाचं हाक मारायचं नाव. इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलेली खरी नावं रेल्वेच्या फायलीत राहिली होती. दिल्लीला गेलेल्या अर्जावर माझंच अक्षर होतं आणि छापलं तेच गेलं.

“हे दुरुस्त होतं?”

“छप गया, बेटी. अब क्या दुरुस्त? क्यों, ग़लत है क्या?”

मी नाही म्हटलं. त्यांना मी दुसऱ्यांदा खोटं सांगत होते.

पान मावशीला द्यायचं होतं. मी तिच्या घरी गेले. ती भात पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं हात लुगड्याला पुसले. पान दोन्ही हातांनी घेतलं, उलटं धरलं, मी सरळ करून दिलं. “माजा नाव हाय?”

“सगळ्यात वर आहे.”

“पुरा नाव?”

“पुरं.”

“वाच.”

तिच्या मागे नातू पाटी घेऊन बसला होता. तिच्या हातातल्या पानावर चुकीचं नाव होतं. मी बोट त्याच्याखाली फिरवलं आणि तिनं रुळांकडे तोंड करून घेतलेलं खरं नाव मोठ्यानं वाचलं. इंग्रजी मला येत नव्हतं हे तिला माहीत नव्हतं.

तिनं पान कपाळाला लावलं. “बरा झाला,” ती म्हणाली. “दिल्लीत लिवलेला हाय. आता मना परत घ्यायला नको.”

तिनं ते पान ट्रंकेत सुनेच्या लुगड्याखाली ठेवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही अंबरनाथ सोडलं. निघताना मावशी फाटकापर्यंत आली होती. तेव्हा सांगायचं ठरवलं होतं मी, आणि सांगितलं नाही. तिचा नातू पुढे शिकला, इंग्रजी शाळेत गेला, असं कळलं. त्यानं ते पान कधी वाचलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, आणि आजीला त्यानं ते सांगितलं असेल का, याचा विचार मी आजही करते. मावशीला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. हे लिहिताना ते खरं नाव इथे घालून चूक दुरुस्त करावी असं दोनदा मनात आलं. नाही घातलं. तिनं ते फाटकासाठी घेतलं होतं, आणि परत घ्यायला नको म्हणाली होती.